इटलीत भाड्याची गाडी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही चौघं इटलीला निघालोय. भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवावी का? – एक वाचक, दिग्रस

उत्तर : सगळ्या सहलीसाठी नको, पण मधल्या तीन-चार दिवसांसाठी जरूर घ्या. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस रेल्वेनेच करा. व्हेनिसमध्ये तर पियात्साले रोमाच्या पुढे गाडी जातच नाही. गाडीचं खरं सुख टस्कनीत आहे. सान जिमिन्यानोसारखी गावं, द्राक्षमळ्यांतली खेडी, जिथे बस मोजक्याच. चौघांत भाडंही परवडतं.

सर्वांत जपायचं ते ‘झेडटीएल’ला, म्हणजे वाहनबंदीच्या भागाला. जुन्या शहराच्या तोंडाशी लाल कडेची पांढरी गोल पाटी असते. जवळच्या फलकावर ‘वार्को आत्तिवो’ अशी अक्षरं उजळली, की बंदी लागू आणि कॅमेरा चालू. चुकून शिरलात तरी दंड! तो कित्येक महिन्यांनी घरी येऊ शकतो, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे गाडीवाली कंपनी वेगळे कापते. हॉटेल त्या भागात असेल, तर गाडीचा नंबर नोंदवता येतो का, हे त्यांना आधीच विचारा.

निघण्यापूर्वी यवतमाळच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत हवंच. अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. महाग पडली तरी ऑटोमॅटिक गाडीच घ्या. स्टीअरिंग डावीकडे, चालवायचं रस्त्याच्या उजवीकडून, त्यात उजव्या हाताने गिअर टाकायची कसरत कशाला? आणि विमानातून उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेऊ नका, आधी रात्रभर झोप काढा.