आधी माशी ओळख, मग फवारा

मंचर, चैत्र वद्य पंचमी

चि. बाळास,

तुझा निरोप मिळाला. "मामा, घोडीला माशा फार त्रास देतात, कुठला स्प्रे मारू?" एवढंच वाक्य, आणि सोबत तिचा पाय आपटतानाचा व्हिडिओ. फोनवर एका औषधाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग तू संध्याकाळी बाटली आणली असतीस, दोन दिवस फवारली असतीस आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच व्हिडिओ आला असता. म्हणून कागद घेऊन बसलो. कंपनीतून आलास की चहा घे आणि सावकाश वाच.

तुझा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. घोडी मान झटकत नाही, डोळे मिटत नाही, शेपटीचा मारही फारसा नाही. आपटते ते पुढचे पाय, तेही गुडघ्याखाली माशी बसली की. ही घरातली माशी नव्हे. दिसायला तशीच, पण डोक्याखालून पुढे आलेली सुईसारखी काळी सोंड असते. तिला तबेल्याची चावरी माशी म्हण. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. चार-पाच मिनिटांत पोट भरलं की उडून भिंतीवर, खांबावर, गव्हाणीच्या कडेला जाऊन बसते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच काढते. तू घोडीला कितीही फवारलंस तरी ती घोडीवर असतेच किती वेळ? वर चारही पायांवर घामाने आणि धुण्याने औषध टिकत नाही. घोडी मात्र दिवसभर पाय आपटून नाल ढिले करते आणि खुराच्या कडा फोडून घेते. शर्यतीच्या घाटात पळणाऱ्या घोडीला हे परवडत नाही.

आता ही माशी पैदा कुठे होते ते बघ. तिला कुजका, मुताने भिजलेला पेंढा लागतो. मागच्या खेपेला मी आलो तेव्हा तू कौतुकाने दाखवलंस, कंपनीतून फुकट मिळालेल्या लाकडी पॅलेट मांडून त्यावर गवताच्या गाठी रचल्या होत्यास. चारा जमिनीपासून वर राहतो हे खरं. पण पॅलेटच्या फळ्यांमधून पडलेला भुसा, वरून धुतलेलं पाणी आणि शेजारून वाहत येणारा मूत खाली साठतो, आणि तिथे कोणाचा झाडू पोचत नाही. चाकणच्या पट्ट्यात पॅलेट फुकट मिळतात म्हणून प्रत्येक गोठ्यात त्या दिसतात, आणि माशांची नर्सरीही तिथेच चालते. त्या उभ्या करून ठेव. पंधरवड्यातून एकदा खालची जागा खरवडून उन्हात वाळव. गव्हाणीखालचा कोपरा आणि पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल याच यादीत धर.

लीद वेगळी. एक मोठी घोडी दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकते. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून लीद रोज सकाळ-संध्याकाळ उचल आणि ठाणापासून लांब नेऊन रचून वर काळं प्लास्टिक दाबून टाक. ढिगाच्या पोटात उष्णता इतकी चढते की अळ्या तिथे जगत नाहीत. कडेला सरकलेल्या उरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कड आत पलटायची. मोईतले आणि निघोज्यातले बागायतदार ते खत घ्यायला तयार असतात, नुसतं सांगायचा अवकाश. इंद्रायणीकडे मात्र एक पाटीही नेऊ नकोस.

घरमाशी चावत नाही म्हणून तिला सोडून देऊ नको. डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी, ओठ, आणि विशेषतः जखम, ही तिची जागा. घोड्याच्या पोटातल्या जंताची अंडी लिदेतून पडतात, माशीची अळी ती गिळते, आणि मोठी झालेली माशी ती पिल्लं जखमेवर सोडते. मग उन्हाळ्या-पावसाळ्यात चिघळत जाणारी, मांस वाढलेली, खाजरी जखम होते. जुने लोक तिला बरसाती म्हणत आणि पावसाला दोष देत. दोष पावसाचा नाही. खोगीराचा छोटासा घासला गेलेला भागसुद्धा उघडा ठेवू नकोस, आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर दे.

आता घोडमाशीकडे येतो. मोठी, डोळे चमकदार, चावली की रक्ताचा थेंब बाहेर येतो. चावते ती फक्त मादी. भर उन्हात, पाणथळीजवळ. पवना-इंद्रायणीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो, काठ चिखलाने भरतो, आणि तुझा गोठा त्या काठाच्या किती जवळ आहे ते तूच पाहा. ही माशी सावलीत सहसा आत शिरत नाही. म्हणून अकरा ते चार घोडी छपराखाली बांध, सराव पहाटे कर. हंगेरीतल्या संशोधकांना असं आढळलं की गडद घोड्यांपेक्षा पांढऱ्या घोड्यांकडे घोडमाश्या कमी येतात. इंग्लंडमध्ये २०१९ साली घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातली तर त्यांच्या अंगावर माशा कमी बसल्या. वरातीची पांढरी घोडी नशीबवान खरी. तुझी काळी आहे, तिला पांढऱ्या पातळ कापडाची झूल शिव.

या माशीला मी सर्वांत जास्त भितो, त्याचं कारण सर्रा हा रोग. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खानात घोड्या-उंटांच्या रक्तात याचा जंतू शोधला. माशी एका जनावराचं रक्त पीत असताना झटकली जाते आणि सोंडेवरचं ओलं रक्त घेऊन दुसऱ्यावर बसते, एवढ्यात काम होतं. म्हशीत तो बरेचदा लक्षणांशिवाय राहतो, घोड्यात जीवघेणा ठरतो. म्हणून तुझ्या चुलत्याच्या म्हशींशेजारी घोडी बांधू नकोस असं मी आधीपासून म्हणतोय. माणसाला सर्रा होत नाही अशीच समजूत होती, तरी २००४ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला. हा अपवाद म्हणायचा, पण घोड्यांना तो नेहमीचाच. ताप येतो-जातो, घोडी खाते पण हाडं दिसू लागतात, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, मागचे पाय डगमगतात. असं काही दिसलं तर "जत्रा झाल्यावर बघू" म्हणू नकोस. ताप असतानाच रक्त काढून तपासायला दे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. सारंगखेड्याहून किंवा कुठल्याही बाजारातून नवा घोडा आणलास तर आधी वेगळा बांध, रक्त तपास, मग ठाणावर घे.

अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीत येतात, त्या सुमारास पाऊस लागतो आणि चिलटं वाढतात. ती अगदी बारीक, संध्याकाळी आणि पहाटे येतात, आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या देठाशी चावतात. घोडी मग खांबाला घासून केस उडवून घेते. पण चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही. एक मोठा स्टँडचा पंखा ठाणावर रोखून ठेवलास की निम्मं काम झालं. वायर मात्र तिच्या तोंडापासून लांब. लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या अंगाला. कोंडलेल्या छपरात धूर केलास तर माशा जातील आणि घोडीला दम लागेल, शिवाय शेजारी सुका चारा.

फवाऱ्याचं आता सांगतो, कारण तू तेच विचारलं होतंस. पर्मेथ्रिन जातीचं, घोड्यावर चालेल असं लेबलवर लिहिलेलं औषध डॉक्टरांकडून घे, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात. तोंडावर फवारू नकोस, फडक्याने डोळे वाचवून पूस. तबेल्याच्या भिंती आणि खांब मात्र न विसरता फवार, चारा-पाणी झाकून. बैलांसाठी गोचिडाचं जे अमिट्राझ आणलंस, ते घोडीला लावायचं नाही. थोडंसुद्धा नाही. त्याने घोड्याचं आतडं थांबतं, चारा आत तुंबतो आणि पोटशूळ होतो. एकाच बादलीत बैल आणि घोडी दोन्ही धुण्याची सवय तुमच्याकडे आहे, ती आजपासून बंद. काही जण वर्कशॉपमधलं जळकं ऑइल किंवा डिझेल पायांना चोळतात, त्यांना लांबूनच नमस्कार कर. भंगारातले निळे ड्रम पाण्याला आणू नकोस. आत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शेपूट कापू नकोस, कपाळावरचे केस भादरू नकोस. वरातीला वेणी घातलीस तर घरी आल्याबरोबर सोड आणि घाम धुऊन टाक. दिव्यांच्या झगमगाटाखाली दोन तास उभ्या असलेल्या घोडीच्या अंगावर रात्री काय काय येऊन बसतं ते एकदा टॉर्च लावून बघ. डोळ्यांवर दोऱ्यांची झालर बांधायला आपल्या गावच्या जुन्या मोतद्दारांनी शिकवलं आहेच.

२०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट दिली, मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून आपल्या भागात घोड्यांची हौस पुन्हा आली. हौस आहे, पैसा आहे, रोजची लीद उचलायला माणूस नाही, असे गोठे मी बरेच पाहतो. तुझा तसा होऊ देऊ नकोस.

ताईला नमस्कार. रविवारी सुट्टी असेल तर पॅलेट उचल, खाली काय सापडलं त्याचा फोटो पाठव, आणि सर्रासाठी रक्त तपासायला देण्याचं जत्रेआधी उरकून घे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकाचा क्रमांक १९६२ आहे, तो फोनमध्ये साठवून ठेव.

तुझा,
मामा