मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार जोखताना: रीनल डायटेटिक्सची वाट

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या प्रौढ रुग्णाच्या आहाराचा दर्जा ठरवणे हे रीनल डायटिशियनचे, म्हणजे मूत्रपिंडविकारांतील आहारतज्ज्ञाचे, मुख्य काम असते. ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशी छापील यादी कोणीही हातात देऊ शकते. रुग्ण प्रत्यक्षात काय खातो, त्यातून त्याला काय मिळते आणि आजाराच्या या टप्प्यावर ते पुरेसे आहे की घातक, हे शोधायला मात्र शिक्षण लागते. डायटिशियन म्हणजे वजन उतरवून देणारी व्यक्ती, एवढीच कल्पना असलेल्या पालकांना ही शाखा बहुधा ठाऊक नसते.

मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कामात तीन महिन्यांहून अधिक काळ बिघाड राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. रुग्णालयात सर्रास ‘सीकेडी’ म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, काढतात आणि त्यावरून आजाराचे पाच टप्पे पाडतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे.

टप्पा बदलला की आहार बदलतो, आणि प्रथिनांच्या बाबतीत तर तो थेट उलटा होतो. अमेरिकेतील केडोकी या मूत्रपिंडविकारविषयक उपक्रमाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेह नसलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातील स्थिर रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली किलोमागे 0.55 ते 0.60 ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या सूचना याच टप्प्यांसाठी 0.8 ग्रॅम सांगतात. डायलिसिस सुरू झाले की त्यात अमिनो आम्ले वाहून जातात आणि गरज 1.0 ते 1.2 ग्रॅमवर जाते. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला आधी रोज 33 ते 48 ग्रॅम, तर नंतर 60 ते 72 ग्रॅम. डायलिसिस सुरू होऊनही जुन्या सवयीने डाळ, अंडी, मासे बंदच ठेवणारा रुग्ण हळूहळू खंगत जातो. हे थांबवता येते, आणि ते थांबवणे याच व्यवसायाच्या हातात आहे.

जोखण्याची सुरुवात विचारण्यापासून होते. ‘24 तासांचे स्मरण’ ही सर्वांत रुळलेली पद्धत: काल उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्ले-प्यायले, हे टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचे. रुग्णबाई सांगतात, “चहा, दुपारी भाजी-पोळी, रात्री थोडा भात.” खरी माहिती पुढच्या प्रश्नांतून येते. चहा किती वेळा, सोबत खारी की बटर? कणकेत मीठ असते का? भाजीत दाण्याचे कूट किती? पानात पापड, लोणचे, ठेचा काय होते? वाटी केवढी? घरात महिन्याला तेल किती लागते आणि जेवणारी माणसे किती? चतुर्थी-एकादशी असेल, तर साबुदाण्याबरोबर बटाटा, रताळे आणि शेंगदाणे, म्हणजेच पोटॅशियमही, पोटात गेलेले असते. एका दिवसावर निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून तीन दिवसांची आहारनोंद लिहून घेतात. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या नोंदीत डायलिसिसचा एक दिवस आणि बिनडायलिसिसचा एक दिवस हवाच, कारण त्या दोन दिवसांचे खाणे सारखे नसते.

लोक खाल्लेले कमी सांगतात. ते खोटे बोलतात असे नव्हे. विसरतात, संकोचतात, रागावतील म्हणून घाबरतात. म्हणून सांगितलेल्याची पडताळणी लागते. 24 तासांच्या लघवीतील सोडियम मोजले की मिठाचा अंदाज येतो: सुमारे 17 मिलिमोल सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. “मीठ सोडलंय” म्हणणाऱ्या रुग्णाच्या लघवीत 170 मिलिमोल आले, तर पोटात सुमारे दहा ग्रॅम मीठ जाते आहे. मर्यादा पाच ग्रॅमच्या आसपास असते. हे जास्तीचे सोडियम बहुधा पापडखार, फरसाण, सुकट किंवा बेकरीच्या पदार्थांतून आलेले असते. लघवीतील युरियाच्या नायट्रोजनवरून याच रीतीने प्रथिनांचा हिशेब लागतो.

यापुढे शरीर पाहायचे. सूज असेल तर काट्यावरचे वजन फसवते, म्हणून डायलिसिसनंतरचे ‘ड्राय वेट’ धरतात. दंडाचा घेर, हाताच्या पकडीची ताकद, भूक, उलट्या यांचीही नोंद होते. कुपोषण आणि दाह एकत्र मोजणाऱ्या एमआयएस या गुणांकनात दहा बाबी असतात आणि एकूण 30 गुण. गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. अन्नातील घटक काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची भारतीय अन्नघटक सारणी वापरतात. त्यात 528 खाद्यपदार्थांचे पृथक्करण आहे.

आहाराच्या ‘दर्जा’चा प्रश्न मात्र केवळ आकडेमोडीने सुटत नाही, आणि या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. अमेरिकेतील हेल्दी ईटिंग इंडेक्ससारखे निर्देशांक आहाराला शंभरपैकी गुण देतात. फळे, भाज्या, डाळी, अख्खी धान्ये वाढली की गुण वाढतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर पोटॅशियम आणि फॉस्फरसच्या भीतीने नेमक्या याच गोष्टी बंद केलेल्या असतात. त्यामुळे कमी गुण म्हणजे बेफिकीर खाणे, की सल्ला काटेकोरपणे पाळणे, हे गुणांवरून कळत नाही. आता सरसकट बंदीवरचा भरही कमी होतो आहे. केडोकीच्या त्याच सूचना पहिल्या ते चौथ्या टप्प्यात फळे-भाज्या वाढवण्याचा विचार करायला सांगतात, कारण त्यामुळे शरीरावरचा आम्लाचा भार घटतो. डाळी-धान्यांतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असल्याने कमी शोषला जातो. कोला आणि डबाबंद पदार्थांत घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून रक्ताचा अहवाल न पाहता मुगाचे वरण बंद करणे हा चुकीचा सल्ला आहे.

काही धोके मात्र ठामपणे सांगावे लागतात. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या जिवावर ते बेतू शकते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, मूत्रपिंड निकामी असलेल्यांच्या मेंदूवर विषासारखे काम करते. आणि पोटॅशियम खरोखरच वाढले असेल, तर भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देण्याची रीत घरच्या स्वयंपाकात सहज बसते.

या कामासाठी बारावीला विज्ञान शाखा, त्यातही रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, असलेले बरे. पुढे गृहविज्ञान किंवा अन्न-पोषण-आहारशास्त्राची पदवी, मग एमएस्सी किंवा आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका आणि रुग्णालयातील इंटर्नशिप, असा क्रम असतो. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ व निर्मला निकेतन, परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, पणजीत गोवा कॉलेज ऑफ होम सायन्स येथे या विषयांच्या शिक्षणाची परंपरा आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ परीक्षा दिली की मोठ्या रुग्णालयांत वजन पडते. मूत्रपिंडविकारांचे कसब पदवीत थोडेच मिळते. ते नेफ्रॉलॉजी विभागात काम करता करता येते, म्हणून इंटर्नशिप असा विभाग असलेल्या रुग्णालयातच धरावी.

नोकऱ्या नेफ्रॉलॉजी विभाग, प्रत्यारोपण केंद्रे, डायलिसिस साखळ्या आणि संशोधन प्रकल्पांत मिळतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिस पोहोचले, पण तिथे आहारतज्ज्ञाचा वेळ प्रत्येक रुग्णाला मिळतोच असे नाही. अमेरिकेत मेडिकेअरच्या नियमांनुसार डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. सुरुवातीचा पगार माफक असतो, हे पालकांनी आधीच गृहीत धरावे. अनुभवानंतर स्वतंत्र सल्लाकेंद्राचा मार्ग खुला होतो.

प्रवेश घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश झाला आहे, त्यामुळे संस्थेचा अभ्यासक्रम त्या चौकटीत बसतो का, हे संस्थेलाच लेखी विचारावे. आणि यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि आहारशास्त्र हे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. घरबसल्या पदवीची जाहिरात दिसली, तर तिथे पैसे भरू नयेत.