हरिपुरचीं हळदीचीं पेवें

सांगलीनजीक कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. संगमेश्वराच्या देवळामुळें तें यात्रेकरूंस ठाऊक आहे. परंतु शेतकऱ्यांस त्याचें महत्त्व निराळें आहे. कृष्णाकांठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत पिकलेली हळद सांगलीच्या पेठेंत येई, व तिचा मोठा सांठा पिढ्यान् पिढ्या हरिपुरच्या भूमीच्या पोटांत राही. या सांठवणाच्या रीतीचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पेव म्हणजे जमिनींत खणलेला प्रचंड रांजणच होय. तोंड माणूस उतरेल इतकेंच, पोट मात्र रुंद, व खोली दोन-तीन पुरुष. येथील माती इतकी घट्ट व चिकट आहे कीं, विटांच्या अस्तरावांचून भिंती उभ्या राहतात. आंतून शेणानें सारवून, तळाशीं व कडेनें पाचट घालून वाळलेली हळद भरावयाची आणि तोंडावर झांकण ठेवून तें मातीनें लिंपावयाचें, अशी ही रीत. अशी हळद वर्षानुवर्षें किडीवांचून टिकते.

याचें कारण काय? कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु माल व कीड यांच्या श्वसनानें खर्चीं पडतो, त्याच्या जागीं कर्बवायु सांठतो, व कीड गुदमरून मरते. बाहेरची ओल व हवा आंत येत नाहीं. परंतु माल मुळांतच ओला असेल तर हेंच पेव त्याचा नाश करील. म्हणून शिजविलेली हळद मोडतांना कट् असा आवाज होईपर्यंत उन्हांत वाळविणें हा या विद्येचा पहिला नियम होय.

दुसरा नियम जिवाचा आहे. जो वायु किडीस मारतो तो माणसासही मारतो. यास्तव पेव उघडल्यावर कांहीं तास मोकळें ठेवून, आंत दिवा सोडून पाहण्याचा प्रघात पडला. दिवा विझला तर उतरूं नये हें खरें. पण तो जळत राहिला म्हणजे भय नाहीं असें मात्र समजूं नये, कारण ज्योत विझण्यापूर्वींच वायु घातक होऊं शकतो. आंत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागें उडी घालणें म्हणजे एकाच्या जागीं दोन जीव गमावणें होय. घरच्या धान्याच्या पेवासही हाच नियम लागू आहे.

सन २००५ च्या महापुरानें हरिपुरच्या पेवांची मोठी हानि केली, व सन २०१९ सालीं कृष्णेनें पुन्हां तोच अनुभव दिला. नदीकांठच्या ज्या मातीनें हळद राखिली, तीच पुराच्या वाटेंत होती. आतां बहुतेक माल गुदामांत जातो. सन २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण ज्या रीतीनें तिचें नांव वाढलें, तीच लोपत चालली आहे.

सर्वांनीं पुन्हां पेवें खणावीं असें आम्ही म्हणत नाहीं. हवाबंद पिशव्यांतही हेंच तत्त्व साधतां येतें. मात्र कोरडा माल, बंद हवा व उंच जागा हीं तीन सूत्रें ज्यानें संभाळलीं, त्यास भाव पडला असतां घाईनें माल विकावा लागत नाहीं. तसेंच, ज्या वृद्धांनीं पेवें भरलीं व उघडलीं, त्यांच्याकडून माती कशी पारखावी व पेव कसें लिंपावें हें तरुणांनीं विचारून लिहून ठेवावें. माणसें गेल्यावर रिकामा खड्डा कांहीं सांगणार नाहीं.