कॅथीचा आवाज कोणाचा?

चि. मुक्तास,


‘सिंगिन इन द रेन’वरचा तुझा लेख वाचला. चित्रपट तुला मनापासून आवडलाय, हे ओळीओळीत दिसतं. पण ‘अप्रतिम’, ‘नितांतसुंदर’ अशा विशेषणांनी वाचकाच्या हाती काही लागत नाही. १९५२चा हा चित्रपट अजून ताजा का वाटतो, हे एखाद्या नाचावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. पावसातलं गाणंच घे. नायक डॉन झालेला जीन केली दारात नायिका कॅथीचा निरोप घेतो, थांबलेल्या गाडीला जायची खूण करतो, चार पावलं चालून छत्री मिटतो आणि भिजू लागतो. इथवर नाच नाहीच. आनंदात असलेल्या माणसाची नुसती चाल आहे. तीच चाल तालात येते, दिव्याच्या खांबावर चढते, पन्हळीखाली उभी राहते, साचलेलं पाणी उडवते आणि पोलीस समोर आला की भानावर येते. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, तो सांधाच सापडत नाही. कॅमेराही फारसे तुकडे न पाडता नाचणारा माणूस नखशिखांत दाखवतो. आणि गाणं मुळात जुनं, १९२९मध्येच पडद्यावर येऊन गेलेलं! आर्थर फ्रीड आणि नेसिओ हर्ब ब्राउन यांच्या जुन्या गाण्यांभोवती कथा रचायचं काम बेटी कॉमडेन आणि अडॉल्फ ग्रीन यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी गाण्यांचाच काळ कथेचा केला: मूकपट मावळून बोलपट येतानाचा. खरी अक्कल इथे आहे.

दोष म्हणून तू ‘ब्रॉडवे मेलडी’चा लांबलचक बॅले दाखवलास. तो कथेला थांबवतो, हे खरंच. पण सिड चरीसचं नृत्य पाहताना प्रेक्षक ते माफ करतो, आणि मीही करतो. मला खुपतं ते वेगळंच. या कथेचा सारा न्याय आवाजावर उभा आहे. कथेतली तारका लीना लमाँट हिचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागे कॅथी गाते. शेवटी पडदा ओढला जातो आणि खरी गायिका जगाला कळते. प्रत्यक्षात मात्र कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सच्या तोंडचं ‘वुड यू’ बेटी नॉइज या गायिकेनं म्हटलं, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. कॅथी लीनाचे संवाद ध्वनिमुद्रित करते त्या प्रसंगात तर ऐकू येणारा आवाज खुद्द लीना झालेल्या जीन हेगनचा आहे. म्हणजे जिच्या आवाजाला आपण चित्रपटभर हसतो, तिचाच आवाज ‘सुरेल’ म्हणून वापरला गेला.

तू म्हणशील, उसना आवाज ही तेव्हाची सर्रास रीत होती. होती ना. आपल्याकडेही १९४९च्या ‘महल’च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव छापलं होतं. दुसऱ्या कुठल्या चित्रपटाला मी हा जाब विचारला नसता. पण ज्यानं आवाजाचं श्रेय हाच कथेचा कळस केला, त्याला तो विचारायलाच हवा. दुसरा आक्षेप असा येईल की लीना दुष्टच आहे, कराराच्या जोरावर ती कॅथीला कायमची पडद्यामागे डांबू पाहते. तेही मान्य. तरी आपल्याला हसवलं जातं ते मुख्यतः तिच्या आवाजावर, कृत्यांवर नव्हे. तिचं आणि डॉनचं प्रेम असल्याची आवई स्टुडिओनं उठवली, तिनं ती खरी मानली. उसन्या आवाजावर पैसा करायला मालकही तयार होता. तरी पडदा ओढताना तोच नायकाच्या बाजूला उभा असतो. फजिती होते ती एकट्या लीनाची.

म्हणून लेख रद्द करू नकोस, फक्त पुन्हा लिही. पावसातल्या गाण्याला एक पूर्ण परिच्छेद दे, विशेषणं काढून पावलं लिही. बॅलेवरची टीका दोन ओळींत आटप. उरलेली जागा आवाजाच्या प्रश्नाला दे, आणि त्यात बेटी नॉइज हे नाव नीट लिही.

तुझा,
मामा