कंपनी कोण घेणार, त्याआधी तिचा माल कोण घेणार?

आंब्याचा हंगाम आटोपून दलालाकडून पट्टीचे पैसे आले, की रत्नागिरीत शेअरच्या टिपांना ऊत येतो. गोळपकडच्या एका बागायतदार काकांनी त्या पैशांतून टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळ आली होती: "मोठा ग्रुप टेकओव्हर करतोय, सोमवारी अप्पर सर्किट." सर्किट लागलंही: भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकला. मग रोज लोअर सर्किट लागू लागलं आणि विकायला टाकलेले शेअर घ्यायला कुणी उभं राहीना. त्यांच्यासोबत बसून मी कंपनीने शेअर बाजाराला दिलेली पत्रं चाळली. टेकओव्हरचा उल्लेखसुद्धा नव्हता.

खरा व्यवहार कागदावर येतो. टाटा समूहाने टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सचा ताबा घेण्याचं 29 जुलै 2021 ला जाहीर केलं, तेव्हा भाव लेखी होता: शेअरला 258 रुपये. सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार कंपनीतला हिस्सा 25 टक्क्यांपर्यंत नेणाऱ्याला आणखी किमान 26 टक्क्यांसाठी खुली ऑफर द्यावी लागते. तीही 258 नेच आली.

पण मालक मोठा मिळाला म्हणून धंद्याचा स्वभाव बदलत नाही. आपल्याकडे टेलिकॉम उपकरणांचे मोठे गिऱ्हाईक चारच: जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल. बीएसएनएलच्या 4जी साठी तेजसला 2023 मध्ये 7,492 कोटींचं काम मिळालं आणि 2024 च्या मध्याला शेअर 1,400 च्या वर गेला. पुरवठा ओसरल्यावर एप्रिल-जून 2025 च्या तिमाहीत उत्पन्न 202 कोटींवर आलं. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते 1,563 कोटी होतं. तोटा 194 कोटी. शेअरचा भाव शिखराच्या निम्म्याहून खाली.

टेकओव्हरच्या नुसत्या बोलण्याने मोठ्या नावांचे शेअरही हलतात. ह्वावेला टक्कर द्यायला अमेरिकेने नोकिया किंवा एरिक्सनमध्ये मोठा हिस्सा घ्यावा, असं तिथले अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार फेब्रुवारी 2020 मध्ये बोलले आणि दोन्ही शेअर उसळले. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसने ती कल्पना झटकली.

बाजारातल्या अफवेचा खुलासा करण्याची सेबीची सक्ती 2024 पासून पहिल्या 100 आणि मग 250 कंपन्यांना लागू झाली. टिपा मात्र बहुतेक त्याबाहेरच्या छोट्या कंपन्यांच्याच येतात. म्हणून पैसे लावण्याआधी बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीची 'अनाउन्समेंट्स' स्वतः उघडा, हातातल्या ऑर्डरी किती आणि कुणाच्या ते वाचा. टेकओव्हरचं पत्र तिथे नसेल, तर त्या बातमीवर एक शेअरही घेऊ नका.