मोटारीचा आवाज आणि त्याचें निदान



नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडीसारख्या गांवांत रात्रीं शिवारांतून ट्रॅक्टरचा आवाज आला, कीं घरांत बसलेला शेतकरी तो कोणाचा ट्रॅक्टर हें ओळखतो. इतकेंच नव्हे, तर “आज आवाज बरा नाहीं” असेंही सांगतो. ही ओळख सवयीनें येते. परंतु कांहीं तरी बिघडलें आहे एवढेंच सवय सांगते. काय बिघडलें, हें ठरविण्यास पद्धत लागते. ती पद्धत नीट समजावी म्हणून मुद्दाम एक अवघड उदाहरण घेऊं: सुपरचार्जर असलेली जुनी मोटार, व तिच्या इंजिनांतून येणारा अनोळखी आवाज.

प्रथम सुपरचार्जर म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाची शक्ति त्यांत किती इंधन जळतें यावर अवलंबून असते, आणि इंधन जळण्यास हवा लागते. साधें इंजिन दट्ट्या खालीं सरकतांना जेवढी हवा आपोआप आंत येईल, तेवढ्यावरच चालतें. सुपरचार्जर हा हवा दाबून भरणारा भाता होय. लोहाराच्या भात्यास माणसाचा हात लागतो. या भात्यास इंजिनच पट्ट्यानें किंवा दंतचक्रांनीं फिरवितें. पुष्कळ डिझेल गाड्यांत व ट्रॅक्टरांत असणारा टर्बोचार्जर हेंच काम करतो, पण तो इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो. अमेरिकेंतील कॉनर्सव्हिल गांवच्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं एका वायुयंत्राचें पेटंट घेतलें. त्याच जातीचा भाता पुढें अनेक मोटारींत बसविण्यांत आला. त्यांत दोन फिरक्या परस्परांविरुद्ध दिशांनीं फिरतात. त्या एकमेकींच्या अगदीं जवळून जातात, परंतु एकमेकींस शिवत नाहींत. शिवल्या, कीं आवाज झालाच.

१९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीज मोटारी सुपरचार्जरसह मांडण्यांत आल्या. त्या काळच्या मर्सिडीजमध्यें चालकानें पायाखालची कळ पूर्ण दाबली, म्हणजेच भाता जोडला जाई आणि मोटार किंचाळूं लागे. तो आवाज बिघाडाचा नसून शक्तीचा असे. आपल्या सातपुड्यापलीकडे नर्मदा ओलांडली कीं इंदूर लागतें. तेथील महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठीं लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्यानें बांधणी केलेली ड्युसेनबर्ग मोटार प्रसिद्ध आहे. सुपरचार्जर असलेल्या या ‘एसजे’ जातीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ति ३२० अश्वशक्ति म्हणून सांगितली जाई. अशा मोटारी राजेरजवाड्यांच्याच. परंतु या शतकाच्या आरंभीं पुण्यास जुळणी होऊन विकल्या गेलेल्या मर्सिडीजच्या ‘सी २०० कोम्प्रेसर’ मोटारींतही हाच भाता आहे. ‘कोम्प्रेसर’ हें सुपरचार्जरचेंच जर्मन नांव. या गाड्या आतां जुन्या झाल्या आहेत. जुनी गाडी नव्या गाडीच्या मानानें स्वस्तांत मिळते, पण तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहींत. म्हणून आवाजाचें निदान चुकलें, तर चांगला भाग काढून नवा बसविला जातो, पैसा जातो, आणि आवाज मात्र तसाच राहतो.

वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास प्रश्न विचारतो. तसेच तीन प्रश्न मोटारीस विचारावे.

पहिला प्रश्न: आवाज केव्हां येतो? थंड इंजिन सुरू करतांच, कीं तें तापल्यावर? उभ्या गाडींत, कीं चढावर? वातानुकूलन चालू केल्यावरच, कीं नेहमीं?

दुसरा प्रश्न: तो कशाबरोबर वाढतो? गाडी उभी ठेवून, गिअर काढून, इंजिनाचा वेग हळू वाढवावा. आवाज त्याबरोबर चढला, तर दोष इंजिनाच्या बाजूस आहे. उभ्या गाडींत आवाज मुळींच येत नाहीं आणि चालतांना चाकांच्या वेगाबरोबर वाढतो, तर चाकें, त्यांचीं बेअरिंगें व टायर प्रथम पहावे.

येथें थोडें गणित उपयोगी पडतें. समजा, क्रँकची कप्पी १५० मिलिमीटर व्यासाची आणि भात्याची ६० मिलिमीटरची आहे. म्हणजे क्रँकचा एक फेरा होतो तेव्हां भात्याच्या कप्पीचे अडीच फेरे होतात. इंजिन मिनिटास ८०० फेरे करीत असेल, तर ही कप्पी २००० फेरे करील. उलट झडपा उघडणारा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानें, म्हणजे ४०० फेरे फिरेल. म्हणून एका सैल झडपेची टिकटिक मंद व मोजण्यासारखी असते, तर भात्याच्या बेअरिंगचा आवाज एकसंध व चढ्या सुराचा होतो. घरीं सायकल उलटी करून पॅडलचा एक फेरा द्या आणि मागचें चाक किती फेरे फिरतें तें मोजा. मग पुढच्या व मागच्या चक्राचे दांते मोजून भागाकार करून पहा. हेंच तत्त्व तुमच्या हातीं लागेल.

तिसरा प्रश्न: आवाज कोठून येतो? लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं कागदाची नळी करून रोग्याच्या छातीचा आवाज ऐकला. मिस्त्री तेंच काम लांब स्क्रूड्रायव्हरनें करतो. त्याचें टोंक न फिरणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानाशीं धरली, कीं आवाजाचें ठिकाण सांपडूं लागतें. परंतु चालू इंजिनाजवळ मुलांनीं जाऊं नये. मोकळे केस, पदर, मफलर पट्ट्यांत किंवा पंख्यांत क्षणांत ओढले जातात. बंद खोलींत इंजिन कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु दिसत नाहीं व त्यास वासही नसतो.

एवढ्यानेंही उलगडा झाला नाहीं, तर जाणत्या मिस्त्रीनें इंजिन बंद व थंड असतां भाता फिरविणारा बाहेरचा पट्टा काढावा आणि इंजिन थोडे क्षणच चालवावें; कारण पाण्याचा पंप पुष्कळदां त्याच पट्ट्यावर असतो. आवाज नाहींसा झाला, तर दोष पट्ट्याच्या कुटुंबांत आहे: भाता, आल्टरनेटर, पाण्याचा पंप, अथवा पट्टा ताणणारी कप्पी. इंजिन बंद करून प्रत्येक कप्पी हातानें फिरवावी. जी खरखरते किंवा डुलते, ती बोलकी. भाता महाग आणि ताण-कप्पी त्या मानानें स्वस्त. म्हणून भात्यास दोष देण्यापूर्वीं ही परीक्षा झालीच पाहिजे. पट्टा काढूनही आवाज राहिला, तर मात्र तो इंजिनाच्या आंतला आहे.

आतां कांहीं आवाजांचे अर्थ पहा. मंद चालीवर भात्याच्या पुढच्या टोंकाशीं खडखड होते व वेग वाढतांच थांबते, तर कप्पी आणि फिरकी यांमधील लहान जोड झिजल्याचा संभव असतो. जोर लावतांना फुसफुस किंवा शीळ ऐकूं येते, तर दाबाची हवा फाटक्या नळींतून निसटत असेल. थंड इंजिन सुरू होतांच कांहीं सेकंद खडखड होते, तर टायमिंग चेन तपासावी.

दोन आवाजांना मात्र सवलत देऊं नये. चढावर जोर लावतांना टणटण असा धातूचा आवाज आला, तर इंधन वेळेपूर्वीं किंवा धक्क्यानें पेटत आहे. सायकलचा पंप मारतांना जसा तापतो, तशी दाबलेली हवाही तापते. म्हणून सुपरचार्जरच्या इंजिनास हा धोका अधिक, व त्यांत दट्ट्या फुटूं शकतो. अशा वेळीं पाय लगेच हलका करावा, आणि निर्मात्यानें सांगितलेल्या ऑक्टेनचेंच पेट्रोल घालावें. दुसरा म्हणजे खालून येणारी जड ठकठक, विशेषतः तेलाचा दिवा लागला असतां. तेथें घर दोन मैलांवर असलें, तरी इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी. ते दोन मैल चालवून नेल्यास सबंध इंजिन जाऊं शकतें.

घरच्या गाडींत, ट्रॅक्टरांत किंवा पंपांत अनोळखी आवाज आला, तर मुलांनो, तुमच्या वहींतील कागदावर तीन ओळी लिहा: केव्हां येतो, कशाबरोबर वाढतो, कोठून येतो. तो कागद वडिलांच्या हातीं द्या. “गाडी आवाज करते” असें ऐकून मिस्त्री तर्कानें एक एक भाग बदलूं लागतो; त्या तीन ओळी वाचून तो नेमक्या जागीं हात घालील.