पहिला कॅमेरा घेताय? आधी मोबाइलची गॅलरी उघडा

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हौस म्हणून फोटो काढायचेत, कॅमेरा कुठला घेऊ?" उत्तर मॉडेलच्या नावात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पायरी १ : शंभर फोटो मोजा. मोबाइलमधले शेवटचे शंभर फोटो बघा. माणसं किती, जागा किती, पक्षी किती? वहीत रकाने पाडा. ज्या रकान्यात जास्त खुणा, तुमची हौस तिकडे.

पायरी २ : आधी लेन्स, मग बॉडी. समजा, तुम्ही वरसाव्याच्या खाडीकाठी उभे आहात. पलीकडे तिवरात बगळा बसलाय. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्समधून तो पांढरा ठिपकाच दिसणार. त्याला निदान ३०० मिमी हवी. पण घोडबंदर किल्ला आणि खाडीवरचं आकाश टिपायचं असेल, तर तीच १८-५५ पुरते. घरात, संध्याकाळी मुलांचे फोटो काढायचेत? मग ५० मिमी एफ/१.८ बघा. १८-५५ लेन्स ५५ वर साधारण एफ/५.६ देते, तिच्यापेक्षा ही नऊ-दहापट जास्त प्रकाश आत घेते.

पायरी ३ : बजेटचे दोन भाग करा. सगळे पैसे बॉडीत घालू नका. निम्मे बॉडीला, निम्मे लेन्स, कार्ड, जादा बॅटरी आणि बॅगेला. बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स पुढच्या बॉडीलाही चालते. फक्त माउंट तोच हवा, म्हणून कंपनी विचार करून निवडा.

पायरी ४ : सेकंडहँडला लाजू नका. फोर्टात बोरा बाजारला चक्कर मारा. शटर काउंट विचारा. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकचं धरतात. लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सरळ परत द्या.

बुरशीचा धडा मी स्वतः शिकलोय. पहिली लेन्स पावसाळाभर कपाटात, बॅगेतच ठेवली. दिवाळीला काढली तर काचेवर जाळी! आपल्याकडची खाडीची दमट हवा लक्षात ठेवा. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "पुढे लग्नाच्या ऑर्डर घेईन, पैसे वसूल होतील," असं म्हणून हप्त्यावर महागडा कॅमेरा घेऊ नका. ऑर्डर हातात नसताना घेतलेली वस्तू भांडवल नव्हे, तो खर्चच. हौसेचा खर्च करा, खुशाल करा, पण हौस म्हणूनच. नाहीतर हप्त्याच्या धास्तीने कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही, आणि मग हौसही जाते.

गृहपाठ : शंभर फोटोंचे रकाने आजच पाडा. मग तीच लेन्स दोन दिवस भाड्याने घेऊन एका रविवारी पहाटे खाडीवर जा. घरी परतल्यावरही कॅमेरा हवासा वाटला, तर बिनधास्त घ्या!